सत्तारभाई आणि माझा रक्तगटाचा शोध

सत्तारभाईंना काही विचारलं की ते आधी उजव्या हाताचं एक बोट वर करायचे. मग उठायचे, व्हरांड्याच्या टोकाला जाऊन गालातला तंबाखू-सुपारीचा खर्रा थुंकायचे, हातपंपावर चूळ भरायचे, रुमालाने मिशी पुसायचे आणि परत खुर्चीत येऊन बसल्यावर उत्तर द्यायचे. उत्तर बहुतेक वेळा एकच असायचं.

"जमते, साहेब."

एवढ्या वेळात मी प्रश्न विसरलेला असायचो. म्हणून सुरुवातीचे दोन महिने मला ते मंद वाटले. मी तेव्हा पंचविशीत होतो, पुण्याहून डॉक्टर होऊन बंधपत्रित सेवेसाठी आलो होतो आणि मला बरीच माणसं मंद वाटत असत.

नव्वदच्या दशकातली शेवटची वर्षं ती. एटापल्लीच्या पुढे, साग आणि मोहाच्या जंगलात आमचं आरोग्य केंद्र होतं. गावाचं नाव सांगत नाही. तिथले लोक माझी फजिती विसरले असतील तर उगाच आठवण कशाला करून द्या? सहा खाटा, एक नर्सबाई, एक ऑक्सिजनचं सिलिंडर आणि प्रयोगशाळा म्हणून एक खोली. त्या खोलीत सत्तारभाई. सरकारी कागदावर ते प्रयोगशाळा तंत्रज्ञ होते. मलेरियाच्या रक्तपट्ट्या बघणं हे त्यांचं मुख्य काम. सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून ते तासन्‌तास बसत आणि मधूनच गावाचं नाव घेत. "आला का कोसमटोला?" म्हणजे कोसमटोल्याच्या कोणाच्या तरी रक्तात मलेरिया सापडला. रुग्णांची नावं त्यांच्या लक्षात राहत नसत, पण कोणतं रक्त कोणत्या गावचं हे ते वर्षभरानंतरही सांगत.

ते मूळचे वडशाचे. वडील शिंपी, थोरला भाऊ शिंपी, आणि सत्तारभाईंचा शर्ट म्हणजे त्या घराण्याची जाहिरात. पांढरा, कडक, कोपरापर्यंत नेमक्या तीन घड्या. शुक्रवारी डोळ्यांत सुरमा. हिवाळ्यात साठवलेली सगळी रजा घेऊन ते झाडीपट्टीच्या नाटकात काम करायला जात, आणि भूमिका ठरलेली: डॉक्टर. पंचक्रोशीने त्यांना माझ्याआधी कितीतरी वर्षं डॉक्टर म्हणून पाहिलेलं होतं. अडचण एवढीच की नाटकात ते ज्या रोग्याची नाडी बघत तो दुसऱ्या अंकात हमखास मरायचा. एकदा एक म्हातारा माझ्यासमोर बसला होता. सत्तारभाई सुई घेऊन आले तसा तो ताडकन उठला.

"याच्या हातानं नको, बाप्पा! मागच्या साली यानं हात लावला आन् पाटलाची पोरगी मेली."

"अजी, ते नाटक होतं," सत्तारभाई म्हणाले.

"म्हणून का झालं? मेली का नाई?"

सत्तारभाईंना हा दाखला इतका आवडला की पुढचा आठवडाभर ते येणाऱ्याजाणाऱ्याला तो ऐकवत होते. मला मात्र आत कुठेतरी खुपलं. खरा डॉक्टर मी होतो आणि मला कोणी एवढंसुद्धा घाबरत नव्हतं.

आता माझ्या शोधाकडे येतो. भाद्रपदात आमच्याकडे लहान लेकरांचा खोकला सुरू व्हायचा. व्हायरसचा आजार. नाक वाहायचं, मग खोकला छातीत उतरायचा आणि वर्षा-दोन वर्षांच्या आतली पोरं धापा टाकायला लागायची. या आजाराला रामबाण औषध नाही. लेकरावर लक्ष ठेवायचं, दूध-पाणी पोटात जाईल असं बघायचं आणि अंग निळं पडायला लागलं तर ऑक्सिजन. सिलिंडर एक, लेकरं दहा. कोणाला ठेवून घ्यायचं आणि कोणाला घरी पाठवायचं, हा रोज सकाळचा प्रश्न असे. चुकीचं लेकरू घरी गेलं तर ते परत येईलच असं नव्हतं.

पुण्याला आमचे एक सर शिकवता शिकवता म्हणाले होते की रक्तगट आणि अशा आजाराची तीव्रता यांचा काही संबंध असेल का, हे कोणीतरी नीट बघायला हवं. वर्गात शंभरावर मुलं होती. ते 'कोणीतरी' म्हणजे आपणच, असं वाटणारा त्यांत बहुधा मी एकटा. नागपूरहून मी रक्तगट तपासायचं सीरम आणलं, निळ्या आणि पिवळ्या बाटल्यांतलं, थर्मासमध्ये बर्फ घालून, आणि सत्तारभाईंच्या टेबलावर ठेवलं.

"प्रत्येक खोकल्याच्या लेकराचा रक्तगट बघायचा."

बोट वर. व्हरांडा, हातपंप, रुमाल.

"काऊन, साहेब?"

"संशोधन."

"जमते," ते म्हणाले. त्यांचं 'जमते' सात-आठ प्रकारचं होतं. हे त्यातलं सगळ्यात पडलेलं होतं.

काम मात्र चोख. पांढऱ्या टाइलवर रक्ताचे थेंब घ्यायचे, एकात निळं सीरम, एकात पिवळं, काडीने ढवळायचं. निळ्यात रक्त नासक्या दुधासारखं फाटलं की ए गट, पिवळ्यात फाटलं की बी, कशातच नाही तर ओ. दहा मिनिटांत माझ्या टेबलावर चिठ्ठी. चिठ्ठीवर गट आणि गटाखाली गावाचं नाव. "गाव नको, नुसता गट द्या," मी सांगितलं. पुढच्या चिठ्ठीवर गाव होतंच, फक्त जरा मोठ्या अक्षरात.

तीन आठवड्यांत मला शोध लागला. जी लेकरं निळी पडत होती, ज्यांना ऑक्सिजन लागत होता, त्यांत ए गटाचीच जास्त. वहीत लाल पेनने खुणा केल्या, आलेख काढला, तो भिंतीला लावला. सरांना पत्र लिहिलं. त्यात 'नम्रपणे' हा शब्द तीनदा होता आणि नम्रता कुठेच नव्हती. दाढी करताना आरशासमोर परिषदेतलं भाषण इंग्रजीत म्हणून बघत होतो. नर्सबाईंनी दाराबाहेरून विचारलं, "सर, कोणावर चिडले?"

सत्तारभाई आलेखापाशी उभे राहून बराच वेळ बघत होते.

"साहेब, हे लाल सगळे कोसमटोल्याचे होय."

"असतील. पण ए आहेत ना?"

"ए तं हायेतच. पण कोसमटोला नाल्याच्या तिकडं हाये."

"मग?"

ते खर्रा नसतानासुद्धा व्हरांड्यात गेले.

त्यानंतर मी एक नियम केला. आज लिहितानाही कान तापतात, पण लिहितो. ए गटाचं लेकरू आलं की खाट आणि सिलिंडर त्याला आधी. ओ गटाचं आलं की खोकल्याचं औषध आणि घरी. मला वाटलं, चला, रोज सकाळचा प्रश्न कायमचा सुटला.

आणि इथूनच सत्तारभाईंचं काम बिघडलं. दहा मिनिटांत येणारी चिठ्ठी तासाने यायला लागली. विचारलं की बोट वर, आणि परत येऊन काहीतरी कारण. टाइल धुऊन राह्यलो. लाइन गेली होती. काडी सापडत नाई. चिठ्ठी येईपर्यंत मला करायला काही नसे, म्हणून मी नाइलाजाने लेकरांना तपासत बसे. भरीला सीरमच्या बाटल्या भराभर संपायला लागल्या. माझ्या हिशेबाने निम्म्यासुद्धा संपायला नको होत्या. मी त्यांना मेमो दिला. कामातील दिरंगाई व सीरमचा अपव्यय, खुलासा सादर करावा. त्यांनी सुंदर अक्षरात खुलासा दिला: 'सीरम रक्त पाहण्याकरिताच वापरले. उशीर झाला हे खरे आहे. खुलासा मान्य व्हावा.' मी तो अमान्य केला.

त्याच आठवड्यात नाटकाची बोलणी करायला ते दोन दिवस वडशाला गेले. मला उलट आनंद झाला. आता रक्तगट मीच बघणार, पाच मिनिटांत.

दुसऱ्या दिवशी सकाळी जैवंता नावाची बाई आली. चार कोसांवरच्या, नाल्याच्या अलीकडच्या गावची, धान लावून हातापायांना भेगा पडलेली. पदरात आठ महिन्यांची पोरगी, खोकणारी. मी बोट टोचलं, टाइलवर थेंब घेतले, ढवळलं. कशातच फाटलं नाही. ओ. फार समाधान वाटलं. बाटली भरून औषध दिलं.

"घरी न्या बाई, काही होत नाही हिला."

"सायेब, पोरगी दूध सोडून देऊन राह्यली."

"खोकल्यात सोडतातच. बरी होईल."

"मंग मी जातो?" तिने विचारलं.

"जा," मी म्हणालो. पोरीचं झबलं वर करून मी एकदाही पाहिलं नव्हतं.

दुपारी जेवून आलो तर व्हरांड्यात सत्तारभाई उभे. खांद्यावर प्रवासाची पिशवी, शर्टाच्या घड्या विस्कटलेल्या, आणि मागे जैवंता. फाट्यावर मोहाखाली ती पोरगी घेऊन बसलेली होती. बसमधून त्यांना दिसली, तसे ते कंडक्टरशी भांडून मधेच उतरले, आणि पोरीला उचलून दोन मैल चालत आले होते.

"साहेब, मोजा."

"काय मोजा? ओ गट आहे तिचा. मी स्वतः बघितलाय."

"गट राहू द्या तिथीच. श्वास मोजा. मी दोनदा मोजला."

त्यांनी पोरीला टेबलावर ठेवून झबलं वर केलं. प्रत्येक श्वासाला तिच्या फासळ्यांखालचं पोट आत ओढलं जात होतं. ओठांचा रंग चांगला नव्हता. मी घड्याळ धरून मिनिटभर मोजलं. सत्तरच्या वर; या वयाला पन्नाससुद्धा जास्त. चुकलो असेन म्हणून पुन्हा मोजलं. चुकलो नव्हतो. आयुष्यात इतका घाबरलेला मी मला आठवत नाही.

सिलिंडर कुठे होतं? कोसमटोल्याच्या एका मुलाला लावलेलं. मुलगा आदल्या दिवसापासून ठणठणीत होता. नळी नाकात ठेवून खाटेवर बसून तो मुरमुरे खात होता, कारण तो ए गटाचा होता आणि तशी माझी लेखी सूचना होती. सत्तारभाईंनी त्याची नळी काढली, त्याला उचलून मुरमुऱ्यांसकट शेजारच्या खाटेवर ठेवलं. त्याने हूं की चूं केलं नाही.

दोन दिवस मी त्या पोरीच्या खाटेपासून हललो नाही. मी देव वगैरे मानत नव्हतो, पण त्या दोन दिवसांत मी बऱ्याच जणांना बरंच काही कबूल केलं. तिसऱ्या दिवशी सकाळी तिने आईच्या अंगाला तोंड लावलं आणि चुटूचुटू प्यायली. जैवंता रडली नाही, मी रडलो. नर्सबाईंनी सौजन्याने खिडकीकडे बघितलं.

त्या दिवशी मी सत्तारभाईंच्या खोलीत गेलो आणि पहिल्यांदाच त्यांच्या समोरच्या स्टुलावर बसलो.

"तुम्ही चिठ्ठ्या मुद्दाम उशिरा देत होता?"

बोट वर झालं नाही. तोंडात काही नव्हतं.

"होय, साहेब."

"का?"

"आधी तुमी लेकरू पाहात होते. मंग चिठ्ठी हाती आली का चिठ्ठीच पाहाले लागले. मी म्हटलं, चिठ्ठी नाई देली तं लेकरू पाहाल. तुमी पाहून राह्यले होते ना? तासतासभर पाहात होते."

मी खिशात हात घातला. मेमोची प्रत काढली आणि त्यांच्यासमोर फाडली. वाटलं होतं, त्यांना बरं वाटेल.

"ते फाडून का होते?" ते म्हणाले. "जावकला नोंद हाये तिची. मागे घेतल्याचं दुसरं पत्र लिवा."

मी दुसरं पत्र लिहिलं. 'दिरंगाई रुग्णांच्या हिताची असल्याने' अशी त्याची सुरुवात होती. वरच्या कार्यालयाने त्यावर प्रश्नचिन्ह काढून ते परत पाठवलं.

"आणि सीरम?" मी विचारलं.

"त्याच्यासाठी रविवारी तुमाले यावं लागल."

रविवारी पाऊस नव्हता. नाला उतरला होता, तरी डोंग्यातून जायला अर्धा तास लागला. डोंगा म्हणजे कोरलेलं एक झाडाचं खोड. मी मधे बसून दोन्ही कडा घट्ट धरल्या होत्या आणि सत्तारभाई टोकाला शर्ट सांभाळत बसले होते. पलीकडे चिखल तुडवून टेकडी चढलो आणि कोसमटोला आला. पंचवीस-तीस घरं, सगळी एकमेकांची काका-मामा. सत्तारभाईंना बघून लेकरं धावत आली. त्यांना सुईचं भय नव्हतं, कारण सुईनंतर गोळी-बिस्कीट मिळतं हे त्यांना ठाऊक होतं.

सत्तारभाई त्यांच्या डोक्यांवर हात ठेवत मोजायला लागले.

"हा ए. ही ए. हा बी. हा ए. ह्याची बहीण ए. हा ओ, याची माय बाहेरगावची. हा ए."

नाकं वाहत होती, पण लेकरं एका कोंबडीच्या मागे अशी सुटली होती की मला बघूनच दम लागला.

"यायलेई खोकला होता, साहेब. सगळ्यायले. झाले बरे. पूर आला असताना लेकराले डोंग्यात कोण बसवते? जीवावर बेततं तवाच बसवते. तेच तेवढे तुमच्यापाशी आले. आन् आमच्या अलीकडचे तं शिंक आली का येते."

सीरम इथे गेलं होतं. मलेरियाच्या पट्ट्या घ्यायला आले की ते प्रत्येक लेकराचा गटही बघून ठेवत होते. माझं संशोधन, जे मी खुर्चीत बसून करत होतो, ते त्यांनी नाला ओलांडून केलं होतं. गावात ए गट भरपूर होता कारण गाव एका घराण्याचं होतं. आणि तिथली लेकरं निळी होऊन येत होती, कारण निळी होईपर्यंत त्यांना कोणी आणतच नव्हतं. रक्तगटाचा आणि या आजाराचा काही संबंध असेलही. मोठे लोक मोठ्या दवाखान्यांत अजून ते शोधत असतात आणि शोधावंच. मी मात्र आलेखावर लाल पेनने एक नाला काढून ठेवला होता.

"मला सरळ सांगितलं का नाही?" परत येताना मी विचारलं.

"सांगतलं होतं, साहेब. गाव लिवत होतो ना चिठ्ठीवर. मोठ्या अक्षरात."

सरांना दुसरं पत्र लिहिलं. ते चार ओळींचं होतं आणि त्यात 'नम्रपणे' कुठेच नव्हतं.

पुढच्या पावसाळ्याआधी मी माझ्या नोकरीतला पहिला शहाणा आदेश काढला. त्याचा मसुदा सत्तारभाईंचाच. पूर असेपर्यंत ते कोसमटोल्यात मुक्कामाला राहणार, रोज सकाळी घरोघर जाऊन लेकरांचा श्वास मोजणार, आणि ज्याचा वाढलाय त्याला निळं पडायच्या आत डोंग्याने आमच्याकडे पाठवणार. प्रयोगशाळेचा माणूस असं काम कसा करेल, असं वरून विचारलं गेलं. मी कळवलं, जमते. त्या भाद्रपदात कोसमटोल्याची लेकरं आली ती कडेवर रडत, हातपाय झाडत आली. मला रडणं इतकं गोड कधी लागलं नव्हतं. त्या पावसाळ्यात आमच्या खाटेवर एकही लेकरू दगावलं नाही, आणि मी कोणाचाही रक्तगट विचारला नाही.

माझी सेवा संपली तीही नेमकी पुरात. सामान बांधलं, नर्सबाईंनी ओवाळलं, पण सत्तारभाई पलीकडे. निरोप घ्यायला नाल्यावर गेलो. पाणी दोन्ही काठ धरून लाल वाहत होतं आणि डोंगा पलीकडच्या झाडाला बांधलेला. मी हाका मारल्या. बऱ्याच वेळाने ते टेकडी उतरून आले. लांबूनसुद्धा शर्ट पांढरा दिसत होता. मी ओरडून सांगितलं की मी चाललो. त्यांनी कानामागे हात धरला. पुन्हा ओरडलो. त्यांनीही काहीतरी ओरडून सांगितलं. मला एक अक्षर कळलं नाही. चार-पाच वेळा असं झाल्यावर दोघांनाही हसू आलं.

मग ते वळले आणि मागे आलेल्या पोरांतलं एक लहानसं पोर उचलून त्यांनी डोक्याच्या वर धरलं, मला दाखवायला. उघडं, चिखलाने माखलेलं, पाय झाडणारं. कोणाचं होतं मला माहीत नाही. ते कधी आमच्याकडे आलंच नव्हतं. ते पोर खाली ठेवून त्यांनी दुसरं उचललं, मग तिसरं. खाली उरलेली पोरं आपला नंबर यावा म्हणून त्यांचा शर्ट ओढत होती. माझी बस सुटायची वेळ झाली तरी ते एकेक उचलून दाखवतच होते.